अप्पांच्या दोन तारखा

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दुपारी, कुणा म्हातारीच्या मरणाच्या कारणापुढं मी 'वार्धक्य' असं लिहीत होते, तेव्हा पोस्टमननं माझ्या टेबलावर एक लांबट लिफाफा ठेवला आणि सही मागितली. पालिकेच्या जन्म-मृत्यू खात्यात मी सतरा वर्षं मृत्यूच्या बाजूला बसते. जन्माच्या टेबलावर पेढे येतात, माझ्याकडं कुणी काही आणत नाही आणि मला त्याचं काही वाटतही नाही. पोस्टमन म्हणाला, "बाई, पत्त्यात घर नंबर न्हाय. नुसतं हेमावती, गुरप्पाची मुलगी, शुक्रवार पेठ, शोलापूर. मी म्हटलं, ह्या आपल्या मेलेल्यांचं लिहिणाऱ्या हेमावतीबाईच की." तिकिटांवर समुद्रातले शंख होते. आत इंग्रजीत टाइप केलेलं पत्र होतं, आफ्रिकेतल्या केनिया देशातल्या नाकुरू गावच्या एका वकिलाचं. तुमचे वडील गुरप्पा अकरा फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर रोजी इथं वारले. त्यांचं मृत्युपत्र नैरोबीच्या हायकोर्टानं खरं धरलं आहे. त्याची शिक्क्याची नक्कल सोबत जोडली आहे. मी पत्र दोनदा वाचलं आणि पहिला विचार मनात आला तो हा की तारीख चुकली. लोक तारखा चुकवतातच, मी दिवसभर त्यांना तेवढ्याचसाठी बोलत असते. माझे वडील एक्कावन्न साली वारले होते. त्यांना पुरताना मी तिथं उभी होते.

मला अप्पा आठवत नाहीत. मी आठ महिन्यांची असताना होटगी जंक्शनातली फिटरची नोकरी सोडून ते आफ्रिकेत रेल्वेच्याच कामाला गेले. तीन वर्षं मनिऑर्डरी आल्या. त्यातून शुक्रवार पेठेत खाली दुकानाचा गाळा आणि वर दोन खोल्या असं घर त्यांच्या नावावर घेतलं गेलं. मग युद्ध लागलं आणि पत्रं थांबली. युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, रझाकारांची पळापळ झाली, पत्र काही आलं नाही. बारा वर्षं पुरी झाल्यावर अप्पांचे थोरले भाऊ सिद्धलिंगप्पा, म्हणजे आमचे दोड्डप्पा, स्वामींना घेऊन आले. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, हातात लिंग देऊन. इथं बसवायला माणूसच नव्हता. होटगीच्या शेतात खड्डा खणला, त्यात अप्पांचं धोतर घडी करून ठेवलं, त्यावर टोपी, टोपीपुढं स्वामींनी दिलेलं लिंग, बेलाची पानं, विभूती. मी पंधरा वर्षांची होते. टोपी धोतराच्या घडीवर नीट बसत नव्हती, सारखी कलंडत होती आणि दोड्डप्पा खाली वाकून ती पुन्हा पुन्हा सरळ करत होते, एवढंच मला स्वच्छ आठवतं. मग तलाठ्याकडं वारसाची नोंद झाली. जमिनीच्या कागदावर अप्पांचं नाव होतं तोवर काहीच पुढं सरकत नव्हतं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, अंगठा दिला. तेव्हा अव्वा तेहेतीस वर्षांची होती. आज मी त्या वेळच्या तिच्याहून पाच वर्षांनी मोठी आहे हे त्या बुधवारी टेबलाशी बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं. समोर एक माणूस बापाच्या मरणाची नोंद करायला उभा होता. त्याला मी, "तारीख नक्की ना?" असं नेहमीसारखं दरडावून विचारणार होते. विचारलं नाही.

तारखेला त्या वर्षी आमच्या घरात फार किंमत आली होती. दोड्डप्पा गेल्यावर त्यांचा मुलगा शिवपुत्र यानं जूनमध्येच आम्हाला घर सोडण्याची नोटीस पाठवली होती. शिवपुत्र तसा वाईट माणूस नाही. लहानपणी त्यानं मला सायकल शिकवली आहे. पण त्याला चार मुली आहेत आणि घर भर पेठेत आहे. आमचे वकील मानसिंगराव जुन्या पद्धतीचे, बोलताना चष्मा काढून हातात धरतात. नाकुरूचं पत्र वाचून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा घातला, पुन्हा काढला. म्हणाले, "बाई, तुमचे वडील एक्कावन्नला वारले असं धरलं तर एकत्र कुटुंबातला भाऊ गेला. मग घर सिद्धलिंगप्पांकडं आणि त्यांच्यामागं शिवपुत्राकडं, असं तो म्हणतोय, आणि त्याच्याकडं तलाठ्याची नोंद आहे. पण चौऱ्याहत्तरला वारले म्हटलं तर त्यांनी लिहून ठेवलंय तेच चालणार. घर तुमचं, आणि आई आहेत तोवर त्यांना राहायचा हक्क. एका तारखेचा प्रश्न आहे." मी विचारलं, नैरोबीच्या कोर्टाचं इथं कोण ऐकणार? तर ते हसले. तिथल्या जज्जानं साक्षीदार तपासले, सही तपासली, शिक्का मारला, त्याला प्रोबेट म्हणतात. आता आपलं जिल्हा कोर्ट ते सगळं पुन्हा उकरत बसणार नाही. त्या नकलेची नक्कल आपल्या हुकुमाला जोडायची, की तिथला शब्द इथं लागू. कायद्यात तसं कलमच आहे.

मी घरी चालत आले ते कसं आले ते मला सांगता येणार नाही. माझ्या टेबलावर कुणी अक्कलकोटचा दाखला आणला तर मी तो उजेडाकडं धरून बघते आणि शिक्का पुसट असला की परत पाठवते. अक्कलकोट एसटीनं तासाभरावर आहे. आणि इथं समुद्रापलीकडचा एक काळा जज्ज, ज्यानं सोलापूरचं नाव त्या फाइलीतच पहिल्यांदा वाचलं असेल, त्यानं एका कागदावर शिक्का दाबला म्हणून इथला जज्ज मान डोलावणार होता. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हते. इतका विश्वास मी कुठं पाहिला नव्हता, नवराबायकोतसुद्धा नाही, सख्ख्या भावांतसुद्धा नाही. मला त्या कागदाची भीती वाटली आणि त्याचबरोबर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटलेल्या माणसांच्या सायकली माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या, आणि मी मधेच उभी राहून मोजायला लागले. मी मॅट्रिक झाले तेव्हा ते होते. शेंगदाण्याच्या चटणीनं माझं तोंड भाजलं आणि मी रडले तेव्हाही ते कुठंतरी जेवत होते. मला बघायला आलेल्या लोकांना दोड्डप्पा, "बाप नाही हो पोरीला," असं आवाज बारीक करून सांगत, लोक चहा पिऊन जात आणि पुन्हा येत नसत, तेव्हा नाकुरूला माझा बाप इंजिनाखाली पाठीवर पडून नट आवळत होता. माझं सगळं आयुष्य मी बिनबापाची म्हणून जगले आणि या फेब्रुवारीपर्यंत ते एकही दिवस तसं नव्हतं. आकाशाकडं बघून चक्कर यावी तसं मला झालं. पाठीमागचा सायकलवाला म्हणाला, "ओ बाई, बाजूला की." मी बाजूला झाले.

मृत्युपत्र चार पानांचं होतं. हत्यारांची पेटी वर्कशॉपातल्या एका सोबत्याला, रेडिओ शेजाऱ्याला, शोलापूरचं घर मला. खाली तीन भाषांतली वाटावी अशी एक सही, अक्षर कानडी वळणाचं. आणि चौथं कलम. ते मी इतक्यांदा वाचलं की त्याचं मराठी माझ्या डोक्यात आपोआप तयार झालं. बावन्न साली माझ्या गावच्या एका माणसाकडून मला कळलं की घरच्यांनी माझी समाधी केली आहे. ज्याची समाधी झाली त्यानं घराचा उंबरा ओलांडू नये, घराला ते चांगलं नसतं, म्हणून मी गेलो नाही आणि लिहिलंही नाही. माझा कुणावर राग नाही. एवढंच. त्याआधीची तेरा वर्षं गप्प का होते ते त्यात नाही. वकिलानं विचारलं नसेल. मला आधी संताप आला. पुरलं म्हणून मेलेलं राहायचं, इतका आज्ञाधारक मेलेला माणूस मी सतरा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. माझ्याकडं लोक जिवंत माणसांचे दाखले मागायला येतात, मेलेल्यांची रेशनकार्डं चालवतात, कोणी म्हणून जागेवर राहत नाही. आणि हा माणूस एका टोपीवर माती पडली म्हणून बावीस वर्षं उंबऱ्याच्या बाहेर थांबला. संताप उतरल्यावर जे उरलं त्याला मला नाव सापडलं नाही. पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यावर धुकं असतं आणि देऊळ दिसत नाही, पण घंटा ऐकू येते, तेव्हा मी हळू बोलते. तसं काहीतरी होतं ते. मी घरात हळू बोलायला लागले. अव्वा म्हणाली, "घसा धरलाय का गं?"

तिला सांगायला मी एकोणीस दिवस लावले. मानसिंगरावांनी बजावलं होतं की अव्वाचं प्रतिज्ञापत्र लागेल, नवरा चौऱ्याहत्तरला वारला हे तिच्या तोंडून यायला हवं, कारण एक्कावन्नच्या नोंदीवर अंगठा तिचाच आहे. ती बोलली नाही तर घर जाईल. पण मला घराची भीती नव्हती. मला भीती होती ती तिच्या तेवीस वर्षांची. त्या वर्षांत तिनं ओटी भरून घेतली नव्हती, कुणाच्या हळदीला पुढं झाली नव्हती, भाचीच्या लग्नात अक्षता टाकून मागच्या दारानं आली होती. ते सगळं विनाकारण होतं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? जे झालं त्याला निदान मरणाचं कारण होतं. मी तेच काढून घेणार होते. रोज ऑफिसातून येताना ठरवायची आणि रोज तिच्या हातची कडक भाकरी मोडता मोडता गप्प बसायची. शेवटी एका रविवारी ती चुलीपुढं असताना तिच्या पाठीला सांगितलं, कारण तोंडाला सांगणं जमलं नसतं.

"अव्वा, अप्पा तेव्हा गेले नव्हते."

भाकरी तव्यावर होती. तिनं ती उलटली.

"मंग?"

"या वर्षी गेले. फेब्रुवारीत. तिकडंच."

"हौदा?" खरंच का, असं कानडीत म्हणून ती थांबली. फार मोठी गोष्ट असली की ती कानडीत जाते. मग भाकरी खाली घेतली, पुढची थापायला घेतली नाही, पीठ तसंच ठेवलं आणि म्हणाली, "काय लिवलंय त्ये वाच." मी चौथं कलम वाचलं. "पुन्यांदा." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी रडण्याची वाट बघत होते. तिनं विचारलं, "गावचा माणूस म्हंजे कोन? नाव न्हाय लिवलं?" नाही, मी म्हटलं. "लिवायचं व्हतं," ती म्हणाली. "त्यास्नी बगितलेला माणूस व्हता त्यो. होटगीतच असंल. आपण त्याच्या दारावरनं गेलो असू की." मग मी तिला प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. तिनं चुलीतला निखारा मागं सारला. "तवा म्या अंगठा दिला आन माणूस गेलं. आता अंगठा दिला की तेवीस वर्सं जगलं म्हणायचं का?"

"हो."

"आन गेलंबी म्हणायचं."

"हो, अव्वा."

"एकाच अंगठ्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. एवढं मोठं काम आपल्याकडून करून घेणार आहेत याचा अचंबा होता. मग तिनं विचारलं, "ह्या कोर्टानं मानलंय का अजून?" मी म्हटलं, नाही, अर्ज करायचाय, चार-पाच महिने लागतील. ती मान हलवत राहिली. "म्हंजे तितल्या कोर्टात त्ये गेल्यात. हितल्या कोर्टात अजून न्हाईत." मानसिंगरावांना जे समजावून सांगायला अर्धा तास आणि दोन पुस्तकं लागली होती ते माझ्या अव्वानं पिठाच्या हातानं तीन श्वासांत सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा कासारीण रंभाबाई आमच्या जिन्यातून उतरत होती. तिनं माझ्याकडं न बघता टोपली सावरली. वर अव्वा खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, आणि दोन्ही हातांत चार-चार हिरव्या बांगड्या होत्या. मनगटं सुजली होती. रुंद हाडाच्या हाताला तेवीस वर्षांनी बांगडी चढवायची म्हणजे रंभाबाईनं बरंच तेल लावलं असणार. मी अव्वाकडं बघितलं. ती म्हणाली, "कोर्ट म्हणंपातूर."

पेठेत बोलणं झालंच. समोरची वच्छला पाण्याला आली की अव्वाच्या हातांकडं बघून तिची घागर भरून वाहायची. शेवटी तिनं विचारलं, काय हो सिद्धम्मा, हे काय वयाला शोभतं का? अव्वा म्हणाली, "कोर्टात केस हाय." वच्छलेनं घागर उचलली. मी मात्र त्या महिन्यांत अव्वाकडं चोरून बघायची. ती बदलली होती असं नाही. भाकऱ्या करायची, ज्वारी निवडायची, माझ्यावर डाफरायची. पण हात हलला की आवाज व्हायचा, आणि तो आवाज मी माझ्या लहानपणापासून घरात ऐकलाच नव्हता असं मला वाटत होतं. मग आठवलं की ऐकला होता, पंधराव्या वर्षापर्यंत रोज ऐकला होता. तो मी विसरले होते. माझ्या आईच्या हाताचा आवाज मी विसरले होते, आणि तो मला एका परक्या कोर्टानं परत दिला.

सुनावणी एप्रिलात झाली. उन्हानं कोर्टाच्या पत्र्याचे सांधे वाजत होते. शिवपुत्र पिंजऱ्यात उभा राहिला, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. जज्जसाहेबांनी स्वतःच विचारलं, एक्कावन्न साली प्रेत कुणी पाहिलं? कुणी नाही, साहेब. मग पुरलं काय? शिवपुत्रानं खाली बघितलं. "धोतर, साहेब." आणखी? "टोपी." कुणीही हसलं नाही. शिवपुत्र तेव्हा सतरा वर्षांचा होता, माझ्या शेजारी उभा होता, ती कलंडणारी टोपी त्यालाही दिसत असणार. मला त्याची दया आली. मग अव्वा. शपथ घेताना बांगड्या वाजल्या आणि शिवपुत्राच्या वकिलाला आयतंच सापडलं. या बाई स्वतःला कोण समजतात, असं त्यानं विचारलं. मग एक्कावन्नची नोंद पुढं केली. हा अंगठा तुमचा? व्हय. म्हणजे तेव्हा खोटं सांगितलं?

"तवा बारा वर्सं वाट बगून सांगिटलं, सायेब," अव्वा म्हणाली. "आता कागद बगून सांगते."

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा उचलली. नैरोबीची नक्कल त्यांच्यापुढं होती, तांबड्या लाखेचा शिक्का आणि त्यातून ओवलेली हिरवी फीत. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, जसं आपण ओळखीच्या माणसाच्या खांद्यावरून फिरवतो, आणि सांगायला सुरुवात केली. तलाठ्याची नोंद हा मरणाचा पुरावा होत नाही. परदेशी कोर्टानं खरं ठरवलेलं मृत्युपत्र या कोर्टाला मान्य आहे. मी ऐकत होते पण शब्द मला वेगळे कळत नव्हते. फक्त एवढंच कळत होतं की इथं, कागदांच्या नि घामाच्या वासाच्या या खोलीत, एक माणूस तेवीस वर्षं जगतोय. एकेक वर्ष उठून त्याच्या अंगाला चिकटतंय. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

हुकुमाची नक्कल आठ दिवसांत मिळेल असं सांगितलं होतं. घराच्या कागदांवर नाव चढवायला ती लागणार होती. तोवर अव्वाच्या हातांतल्या बांगड्या तशाच होत्या. नवव्या दिवशी मानसिंगरावांचा निरोप आला, तयार आहे. बाराव्या दिवशी आला. मी कोर्टाच्या फाटकावरून रोज ऑफिसात जाते, पण आत गेले नाही. मुदत टळलेल्या लोकांना मी आजवर काय काय बोलले आहे ते मला आठवत होतं, तरी गेले नाही. मानसिंगराव स्वतः ऑफिसात आले. "बाई, शिवपुत्र वर अपिलात गेला तर? नावं तरी लावून घ्या." मी म्हटलं, उद्या. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मी चप्पल घालत होते, तेव्हा अव्वा आतून म्हणाली, "हेमा, त्यो कागद तयार असंल की. आण जा आज." मी वळून पाहिलं. तिचे हात रिकामे होते. बांगड्या कोनाड्यात एकावर एक ठेवलेल्या होत्या, एकही फुटलेली नव्हती. मनगटांवर पुन्हा तेल चमकत होतं. हे तिनं कधी केलं, किती वेळ लागला, मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी मी नक्कल आणली. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं वाचून दाखवलं, कलमांच्या आकड्यांसकट, कारण तिला तसंच हवं होतं. तारखेशी आल्यावर तिनं हात वर केला.

"वार कंचा व्हता?"

मी मागं मोजत गेले. "सोमवार."

"सोमवारी गेले," ती म्हणाली, आणि तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. सोमवार आमच्याकडं देवाचा. मग ती विचारात पडली. "त्या सोमवारी आपण काय करत व्हतो गं?"

मी आठवायला लागले. मी ऑफिसात होते, त्या दिवशी कोण कोण गेलं ते वहीत माझ्याच अक्षरात सापडेल. पण घरात काय झालं ते कुठं लिहिलेलं नव्हतं. नळ गेला होता का? नाही, तो मार्चात. कापडं धुतली असतील, ती म्हणाली. पापडाचं पीठ मळलं असंल. वच्छलेची सून माहेराहून आली ती तवाच का? आम्ही दोघी त्या एका साध्या दिवसाभोवती बसलो होतो आणि तो काही केल्या उघडत नव्हता. खाली दुकानाचं फळकूट लागल्याचा आवाज आला. अव्वानं माझ्या हाताला हात लावला आणि अगदी हळू विचारलं, "म्या हासले-बिसले न्हवते न्हवं त्या दिशी?"

"नाही, अव्वा," मी म्हटलं. पुरावा माझ्याकडं कसलाच नव्हता.